गल्लीतलं काम सभागृहापर्यंत कसं न्यायचं

मी सोलापुरात हद्दवाढ भागात राहते आणि शाळेचे गणवेश शिवते. आमच्या गल्लीला पावसाळी गटार हवं होतं. पहिलं निवेदन मीच लिहिलं. गटार, दिवे, रस्ता, बालवाडीची भिंत, घंटागाडी, सगळं एकाच कागदावर. खाली एक्कावन्न सह्या. विषय पाच, विभाग पाच, मग तो कागद जाणार तरी कुठल्या टेबलावर? चूक माझी होती. पुढच्या वेळी फक्त गटार लिहिलं, आणि कागद हलला.

आधी एक ठरवा: तुमचं काम दुरुस्तीचं आहे की नवं? दिवा बंद पडला, पाइप फुटला, तर आपल्या विभागीय कार्यालयात जायचं, ज्याला आपण झोन म्हणतो. त्याला ठराव लागत नाही. नवं गटार किंवा नवा रस्ता म्हटलं की अंदाजपत्रकात तरतूद लागते, आणि अंदाजपत्रक महापालिकेचं सभागृह, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांची सर्वसाधारण सभा, मंजूर करतं. हा फरक न कळल्यामुळे लोक वर्षभर चुकीचा जिना चढत राहतात.

मग माप घ्या. मी सुती दोरी घेतली, शिलाईच्या टेपनं दर मीटरला लाल दोऱ्याची गाठ मारली आणि शेजारच्या पोराला दुसरं टोक धरायला लावलं. कडुनिंबापासून ओढ्यापर्यंत ९२ मीटर भरले. निवेदनात तो आकडा, पाणी कुठून येतं नि कुठं तुंबतं, कोणाच्या उंबऱ्याशी किती चढतं, एवढंच लिहिलं. अर्ध्या पानात बसलं.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर तुमचा कागद कुणी शोधायचा?

आपल्या शहरात २६ प्रभाग आणि १०२ नगरसेवक आहेत. बहुतेक प्रभागांत चार, दोन प्रभागांत तीन. ओळखीच्या एकालाच भेटून येऊ नका. अ, ब, क, ड या फक्त निवडणुकीच्या जागा. निवडून आल्यावर चौघेही तुमचेच. चौघांनाही तेच निवेदन द्या, आणि त्यांच्यापैकी एक सूचक (विषय मांडणारा), दुसरा अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) होऊन सभासद प्रस्ताव, म्हणजे नगरसेवकांनी सभेपुढे ठेवलेला प्रस्ताव, देईल का, हे स्पष्ट विचारा. हे शब्द तुमच्या तोंडून आले की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो. दिवाळी झाली की लगेच जा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आयुक्तांचं अंदाजपत्रक आधी सोळा जणांच्या स्थायी समितीकडे आणि मग सर्वसाधारण सभेकडे जातं. मार्चमध्ये गेलात तर ताट वाढून झालेलं असतं.

आता सभेबद्दल, कारण इथंच लोक कमी पडतात. सर्वसाधारण सभा महिन्यातून एकदा तरी, वीस तारखेच्या आत व्हायला हवी असा कायदा आहे, आणि ती लोकांना खुली असते. जा, बसा. विषयपत्रिकेतला आपला विषय क्रमांक हातावर लिहून न्या, कारण क्रमांक भराभर पुकारले जातात. मग शेवटचे शब्द कान देऊन ऐका. ‘एकमतानं मंजूर’ कळतंच. ‘तहकूब’ म्हणजे पुढच्या सभेत पुन्हा येणार, तेव्हा पुन्हा जायचं. ‘अभिप्रायासाठी प्रशासनाकडे’ म्हणजे कागद परत अभियंत्याच्या टेबलावर. तुम्हीही तिकडेच जा. ‘दफ्तरी दाखल’ म्हणजे संपलं, नव्यानं मांडायचं. आमचा विषय पहिल्यांदा तहकूब झाला. शेजारीण म्हणाली, “गेलं की ओ आपलं गटार!” गेलं नव्हतं.

मार्च २०२२ पासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत सभागृहच नव्हतं, ठराव प्रशासक करत. तेव्हा सभागृहातली लोकांना बसायची गॅलरी रिकामी होती. मला त्याचं फार वाईट वाटायचं. याच शहराच्या नगरपालिकेवर १९३० साली, इंग्रजांच्या राज्यात तिरंगा चढला होता. आता सभागृह आहे, तर तिथं आपण दिसलं पाहिजे.

ठराव झाला म्हणजे काम झालं असं नाही. त्यापुढे एस्टिमेट (कामाच्या खर्चाचा हिशेब), तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश). महिन्यातून एकदा ‘फाइल कुठल्या टप्प्यावर आहे?’ एवढंच विचारा, भांडू नका. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं पाहता येतात, तसा शासन निर्णय आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर माहितीचा अधिकार: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत तीस दिवस.

आणि काम सुरू झाल्यावर घरात बसू नका. कार्यादेशात लांबी लिहिलेली असते, तीच मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत, यायला हवी. मी गाठींची दोरी घेऊन पुन्हा गेले. भर पावसात मात्र मोजू नका, सुती दोरी भिजली की आखडते आणि माप जास्त दाखवते.