रुग्णाची फाइल मागताना नुसतं ‘सगळे कागद द्या’ म्हणू नका

उपचारात किंवा कागदात गडबड झाली की आपण काउंटरवर तोंडी भांडतो आणि हातात येतं फक्त डिस्चार्ज कार्ड. वडिलांच्या कार्डावर डाव्या गुडघ्याऐवजी ‘उजवा’ छापून आलं होतं. तीन चकरा फुकट गेल्या, मग एका अर्जानं काम झालं.

१. अर्जाच्या दोन प्रती काढा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. सही रुग्णाची हवी; तुम्ही नातेवाईक असाल तर त्यांची लेखी परवानगी जोडा.

२. कागद नावानिशी मागा: नर्सच्या नोंदी, औषधं दिल्याचा तक्ता (कोणतं, किती, किती वाजता हे इथेच सापडतं), संमतीपत्र, ऑपरेशनची नोंद, तपासण्यांचे रिपोर्ट. एमआरआय, सीटी स्कॅनचा नुसता रिपोर्ट नको, मूळ इमेजेसची सीडी घ्या. बायोप्सी (तपासणीसाठी शरीरातला तुकडा काढणं) झाली असेल तर स्लाइड (त्या तुकड्याच्या पातळ कापाची काचपट्टी) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) हेही मागा. दुसऱ्या डॉक्टरला ते स्वतंत्रपणे तपासता येतात.

३. दुरुस्ती लेखी मागा. जुनी नोंद वाचता येईल अशी एका रेषेनं खोडलेली, शेजारी बरोबर नोंद, सही आणि त्या दिवसाची तारीख. व्हाइटनर अजिबात नको.

एक सांभाळा: ‘कार्ड ठेवून जा, बदलून देतो’ असं गोड बोलून मूळ कार्ड मागतील. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, मागच्या बाजूचाही.