जोडीनं चीनची गाईडेड सहल करताय? या चुका टाळा

भारतीयांसाठी चीनचा पर्यटन व्हिसा पुन्हा सुरू झाला आणि आम्ही दोघांनी दिवाळीनंतरचे दहा दिवस ठरवूनच टाकले. बीजिंग, शिआन, ग्वीलिन, शांघाय. प्रत्येक शहरात इंग्रजी बोलणारी गाईड, गाडी, हॉटेल, तिकिटं, सगळं पॅकेजमध्ये. ‘गाईड आहे ना, मग आपल्याला काय करायचंय?’ हे वाक्य निघण्याआधी आम्ही इतक्यांदा म्हटलं की तयारी करायचीच राहून गेली. आमच्या बहुतेक चुका या एका वाक्यातून निघाल्या. गाईड वाट दाखवते, गोष्टी सांगते. पासपोर्ट, फोन आणि पोट मात्र दोघांनी आपापलंच सांभाळायचं असतं.

हाँगकाँग मध्येच घुसवू नका

ही चूक आमच्या हातून होता होता राहिली, आणि सगळ्यात महागात पडली असती. नकाशावर हाँगकाँग चीनचाच भाग दिसतो, म्हणून ग्वीलिननंतर दोन दिवस तिकडे आणि मग शांघाय, असा बेत आम्ही आखला होता. पण हाँगकाँग किंवा मकाऊला जाणं म्हणजे चीनच्या मुख्य भूमीतून बाहेर पडणं. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तो तिथे संपतो आणि परतीचं दार बंद होतं. एकतर दोनदा प्रवेशाचा व्हिसा मागा, नाहीतर हाँगकाँग सहलीच्या शेवटी ठेवा. तिथे उतरण्यासाठी भारतीय पासपोर्टवर आधी ऑनलाइन नोंदणीही करावी लागते. परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहून २४० तासांच्या व्हिसामुक्त ट्रान्झिटच्या (पुढच्या देशाला जाताना वाटेत थांबायच्या सवलतीच्या) भरवशावर राहू नका, त्या यादीत भारत नाही.

तारखा ठरवताना १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा आणि चिनी नववर्ष टाळा. त्या दिवसांत सगळा देशच फिरायला बाहेर पडलेला असतो.

दोघांत एकच फोन

नेट नवऱ्याच्या फोनवर, पैसे भरायचं ॲप त्याच्या फोनवर, दोघांचे पासपोर्ट त्याच्याच पाऊचमध्ये. घरी आम्हाला ही व्यवस्था सोयीची वाटली होती. दुसऱ्याच दिवशी फॉरबिडन सिटीत गर्दीमुळे आमची चुकामूक झाली. माझ्याकडे फोन होता, पण त्यात फक्त हॉटेलच्या वाय-फायची सोय. पर्समध्ये एक युआनही नाही. आम्ही आत शिरलो त्या दाराकडे मी परत निघाले, आणि तिथेच चुकले. या राजवाड्यात दक्षिणेच्या वुमन दारातून आत जायचं आणि पुढे पुढे जात बाहेर पडायचं, अशी एकमार्गी रीत आहे. दक्षिणोत्तर लांबी जवळजवळ एक किलोमीटर. नवरा आणि गाईड उत्तरेच्या शनवुमन दाराशी उभे, मी दक्षिणेला. तासभर गेला आणि माझे डोळे भरून आले ते वेगळंच.

म्हणून पहिला नियम: चुकामूक झाली तर फॉरबिडन सिटीत मागे फिरायचं नाही, उत्तर दाराशी भेटायचं. समोरच जिंगशानची टेकडी दिसते, खूण चुकत नाही. प्रत्येक ठिकाणी आत शिरण्याआधी अशी एक जागा दोघांनी बोलून ठेवा. हॉटेलचं चिनी अक्षरातलं कार्डही दोघांच्या खिशात हवं.

दुसरा नियम: पैशांची सोय प्रत्येकाची वेगळी. फळवाल्यापासून टॅक्सीपर्यंत सगळे क्यूआर कोड पुढे करतात, पण आपलं यूपीआय तिथे उपयोगाचं नाही. दोघांनीही अलीपे किंवा वीचॅट हे पैसे भरायचं ॲप घरीच उतरवून घ्या, पासपोर्टनं ओळख पक्की करा आणि ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ कंपनीचं बँक कार्ड जोडा. बँकेत कार्डाचा परदेशी वापर सुरू करायला विसरू नका, आणि ओटीपीसाठी भारतीय नंबर चालू ठेवा. अलीपेवर परदेशी कार्डानं एका वेळी २०० युआनच्या वर खर्च केला तर ३ टक्के शुल्क लागतं. जोडीला थोडे सुटे युआन ठेवा.

तिसरा नियम: नेट. गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम तिथल्या वाय-फायवर उघडत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग असेल तर चालतात, कारण डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून जातो. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून घ्या, ती रोज लागते.

दोन शहरांच्या मध्ये गाईड नसते

हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं. बीजिंगची गाईड स्टेशनवर सोडते, शिआनची गाईड पलीकडे न्यायला येते. मधलं सगळं आपलं आपण. बीजिंगला मोठी स्टेशनं अनेक आहेत. शिआनच्या बहुतेक वेगवान गाड्या बीजिंग वेस्टहून सुटतात, शांघायच्या बीजिंग साउथहून. तुमचा पासपोर्ट हेच तिकीट, त्यामुळे तो ज्याचा त्याच्या हातात हवा. स्वयंचलित दारानं वाचला नाही तर शेजारी माणूस बसलेल्या रांगेत जा. गाडी सुटण्याआधी काही मिनिटं दार बंद होतं, म्हणून तासभर आधी पोहोचा. सामानाची तपासणी कडक असते. फळं कापायचा चाकू घरीच ठेवा.

विमानाचं आणखी एक. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी (चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राची) खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आणि भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ती खूण नसते. शिआनच्या विमानतळावर आमची चांगली नवी पॉवर बँक तिथेच सोडून यावी लागली.

‘नो मीट’ म्हणून भागत नाही

गाईडनं हॉटेलात ‘मांस नको’ सांगितलं, तरी टोफूत खिमा निघाला. तिकडे मांस म्हटलं की डुकराच्या मांसाचे तुकडे डोळ्यांपुढे येतात. खिमा, हाडांचा रस, चरबी, ऑयस्टर सॉस हे त्यात धरलं जाईलच असं नाही. प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन ‘हे नको’ असं चिनीत लिहवून घ्या. मापो टोफू शाकाहारी समजू नका. टोमॅटो-अंडं बहुतेक ठिकाणी मिळतं.

ज्यांना कांदा-लसूणही चालत नाही त्यांनी गाईडला बौद्ध शाकाहारी उपाहारगृह शोधायला सांगावं. चिनी बौद्ध परंपरेत कांदा-लसूण वर्ज्य आहेत, त्यामुळे आपलं म्हणणं तिथे चटकन समजतं. कंदमुळांचं मात्र वेगळं सांगावं लागेल. वेगवान गाड्यांच्या डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो. शिआनच्या वाटेवर पाकीटबंद उपम्यानं आम्हाला तारलं.

छोट्या गोष्टी

पॅकेजमध्ये ‘स्टँडर्ड रूम’ म्हणजे दोन सुटे पलंग. एकत्र हवा असेल तर मोठ्या पलंगाची खोली आधीच लिहून मागा. फॉरबिडन सिटी एरवी सोमवारी बंद असते, बीजिंगचे दिवस ते बघून ठरवा. टिश्यू पेपर सतत जवळ ठेवा. आणि वांगफुजिंगसारख्या रस्त्यावर इंग्रजीत गप्पा मारत कुणी चहाला बोलावलं तर हसून पुढे जा, बिल पाहून घाम फुटतो.

काय बघायचंय ते आधी सांगा

बीजिंग सोडल्यावर सव्वा तासानं गाडी शिजियाझुआंगला थांबली. खिडकीतून पाटी पाहिली आणि माझ्या लक्षात आलं, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथे आहेत. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. त्यांची समाधी याच शहरात आहे. आम्ही त्यांच्या दारावरून पुढे निघून गेलो, आणि ही खंत अजून जात नाही. बेत ठरताना सांगितलं असतं तर अर्धा दिवस सहज काढता आला असता. शिआनच्या गाईडला ‘कोटणीस’ हे नाव कळेना. ‘के दीह्वा’ हे त्यांचं चिनी नाव फोनवर दाखवलं, आणि तिनं लगेच ओळखलं. तुम्ही जाणार असाल तर हेच नाव चिनी लिपीत घेऊन जा.

त्या रात्री मी तिला आणखी एक सांगितलं. युआन श्वांग, म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतला ह्युएन त्संग, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात आला होता. उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे लोक, असं त्यानं आपलं वर्णन लिहून ठेवलंय. भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी इ. स. ६५२ मध्ये बांधलेला मोठा वन्य हंस पॅगोडा शिआनमध्येच आहे, आणि आमच्या कार्यक्रमात मात्र त्या वेळेला जेडचं दुकान होतं. अशी दुकानं नाकारायचा तुम्हाला हक्क आहे. खरेदीची सक्ती करायला चीनच्या २०१३ च्या पर्यटन कायद्यानं मनाई आहे. पण भांडावं लागलंच नाही. दुकानाऐवजी पॅगोडा, असं म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला आणि दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला सकाळीच तिथे नेलं. मनोऱ्याच्या सात मजल्यांवर चढायचं तिकीट वेगळं असतं, तेही पॅकेजमध्ये धरलंय का हे आदल्या रात्रीच विचारून ठेवा.