अख्खा भरलेला बोकड, बाभळीच्या निखाऱ्यावर

साफ केल्यावर ८ किलो भरेल असा कोवळा बोकड घ्या. मोठा घेतला तर मांडी आतून शिजेपर्यंत फासळ्या करपतात. खाटकाला आधीच सांगा: पोट लहानच चिरायचं, मणका तोडायचा नाही.

आदल्या रात्री १२० ग्रॅम मीठ, पाव किलो आलं-लसूण, हळद आणि चार लिंबांचा रस आतून-बाहेरून चोळा. मांड्यांना हाडापर्यंत चिरा द्या. रात्रभर बर्फात ठेवा. नागपूरच्या थंडीवरही भरवसा नको.

सारणासाठी पाऊण किलो तांदूळ अर्धा शिजवा. अर्धा किलो खिमा-कलेजी पूर्ण शिजवून घ्या. अर्धा किलो तळलेला कांदा, सहा उकडलेली अंडी, भरपूर सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि चार मोठे चमचे सावजी मसाला मिसळा. मसाला घरचाच बरा: नागपूरच्या इतवारी बाजारातून धणे, खोबरं, खसखस, दगडफूल, मिरे, लवंग आणून भाजायचं, वाटायचं. सारण आदल्या दिवशी कधीच भरू नका, ते आत नासतं. विस्तवावर चढवताना गरम भरा, तेही पोटाच्या पाऊण भागापर्यंतच. तांदूळ फुगला की टाके उसवतात. दाभण आणि जाड सुती दोऱ्यानं बोटभर अंतरावर शिवा. सुतळी आणि नायलॉन दोन्ही नकोत.

खरी गडबड सळईवर होते. बांधणी सैल राहिली की सळई फिरते, बोकड फिरत नाही. जड बाजू खालीच राहते आणि जळते. म्हणून मणका स्टीलच्या तारेनं चार ठिकाणी आवळा, दोन्ही मांड्यांतून आडवे खिळे घाला. जस्ताचा मुलामा असलेली जीआय तार किंवा पाइप वापरू नका. तापल्यावर त्याचा धूर विषारी.

वाळलेली बाभूळ ५० किलो लागते. कडुनिंब किंवा रंगवलेलं लाकूड नको. बाजूला वेगळा जाळ करून तासाभरात निखारे पाडा आणि फावड्यानं फक्त खांदे आणि मांड्यांखाली पसरा. पोटाखाली जागा मोकळी ठेवा. तिथलं मांस पातळ असतं. सळई निखाऱ्यांपासून दोन फूट वर. मांसाच्या उंचीवर तळहात पाच सेकंद टिकला तर आच बरोबर. दोन सेकंदांत हात ओढावा लागला तर निखारे बाजूला सारा. दर वीस मिनिटांनी नवे निखारे घाला. ज्वाळा लागली की वरून काळं, आतून कच्चं.

सळई सतत, सावकाश फिरवा. डुकरासारखी जाड चरबी बोकडाला नसते, त्यामुळे तो लवकर सुकतो. सांबाराच्या देठांची जुडी शेंगदाणा तेल आणि मिठाच्या पाण्यात बुडवून दर पंधरा मिनिटांनी फिरवा. मसाल्याचा लेप शेवटच्या पाऊण तासातच. आधी लावला तर करपून कडू होतो.

साडेचार-पाच तास धरा. थर्मामीटर मांडीत हाडाला न टेकवता खुपसा: ८५ अंश हवेत, सारणाच्या मध्यभागी किमान ७५. सारण कमी तापलेलं निघालं तर कढईत दहा मिनिटं परता. उतरवून वीस मिनिटं झाकून ठेवा, मग टाके कापून आधी सारण परातीत काढा, नंतर मांड्या सोडवा. सोबत ज्वारीची भाकर, कच्चा कांदा आणि वाटीभर तर्री.