पानांचे आकडे जुळत नाहीत? स्कॅन केलेली पुस्तकं तपासताना या चुका टाळा

कोकणातल्या वाचनालयांत जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा ठेवा आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, तर चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. पण दमट हवा आणि कसर यांच्यापुढे कागद फार टिकत नाही. पूर आला की काय होतं, ते चिपळूणकरांनी २२ जुलै २०२१ ला पाहिलं. म्हणूनच लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं उलटून स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्कॅन करून विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात आणणं मला फार मोलाचं वाटतं. हे काम शुद्धलेखनापेक्षा जास्त वेळा अडतं ते पानांच्या आकड्यांवर.

पाने न मोजताच मजकूर तपासायला बसणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्कॅनमधल्या प्रत्येक पानाला दोन आकडे असतात: फाइलमधला क्रमांक आणि कागदावर छापलेला क्रमांक. मुखपृष्ठ, कोरं पान, वाचनालयाच्या शिक्क्याचं पान, अर्पणपत्रिका असं सगळं धरलं तर छापील १ हा आकडा फाइलच्या ११व्या पानावर येऊ शकतो. तेव्हा फरक १०चा. हा फरक शेवटच्या पानापर्यंत तोच राहतो का, एवढं आधी बघायचं. दर २० पानांनी एक पान उघडून पाहिलं तरी पुरतं. फरक बदललेला दिसला की त्या २० पानांत नेमकी जागा शोधायची.

फरक कसा बदलला, यावरून कारणही कळतं. डावीकडे सम आणि उजवीकडे विषम आकडा असतो, म्हणजे एकाच कागदाच्या पाठपोट ४७ आणि ४८ असतात. स्कॅनमध्ये ४७ नंतर एकदम ५० आलं, म्हणजे ४८ आणि ४९ गेली, तर स्कॅन करणाऱ्याने दोन कागद एकदम उलटले. पानं पुस्तकात आहेत, तेवढ्यांचा फोटो पुन्हा घ्या. पण ४६ नंतर ४९ आलं, तर ४७-४८ चा अख्खा कागदच फाटून गेलेला असण्याची शक्यता जास्त. तिथे दुसऱ्या वाचनालयातली त्याच आवृत्तीची प्रत शोधावी लागते. आवृत्ती तीच हवी, नाहीतर मजकूर पुढेमागे होतो.

६४ नंतर ८१ आलं तर १६ पानांचा अख्खा फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा जुडगा) गेला, किंवा पुन्हा बांधणी करताना बाइंडरने फर्मे उलटसुलट लावले. आधी पुढे चाळून बघा. ६५ ते ८० पुढे कुठेतरी सापडली, तर नुसता क्रम लावायचा आहे.

ओल लागून चिकटलेली पानं हा आपल्याकडचा नेहमीचा त्रास. साधा कागद पुष्कळदा सुटतो. चित्रांचा गुळगुळीत आर्ट पेपर मात्र ओला होऊन वाळला की एकजीव होतो. तो ओढून सोडवू नका, चित्र एका पानावरून दुसऱ्यावर उतरतं. ती जागा ‘चिकटलेली’ म्हणून नोंदवा आणि पुढे चला.

फर्म्याच्या आकड्याला पानाचा आकडा समजणं

जुन्या पुस्तकांत फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. तो बाइंडरसाठी. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर तयार करणारा प्रोग्रॅम, त्याला बिनदिक्कत पानाचा क्रमांक म्हणून उचलतो. शंका आली तर हिशोब करा: १६ पानी फर्म्यात दुसरा फर्मा १७व्या पानावर, तिसरा ३३व्यावर, सातवा ९७व्यावर सुरू होतो. प्रस्तावनेचा फर्मा वेगळा मोजलेला असेल, तर तो सोडून मोजा. पानाचा कोपरा कातरलेला असेल, तर याच आकड्यावरून क्रमांक पक्का करता येतो. ओसीआर १ आणि ९ यांचीही गल्लत करतो, तेव्हा आकडा नेहमी स्कॅनमध्ये बघून लिहा.

प्रस्तावना आणि चित्रं एकाच मोजणीत ओढणं

प्रस्तावनेच्या पानांना कधी एक, दोन, तीन असे शब्द असतात, कधी रोमन आकडे, तर कधी सरळ १ पासून. मग पुस्तकात ‘पृष्ठ ५’ दोनदा येतं. विकिस्रोताच्या पेजलिस्टमध्ये, म्हणजे फाइलच्या कोणत्या पानाला कोणता आकडा ते सांगणाऱ्या यादीत, प्रत्येक टप्पा वेगळा सांगता येतो: इथपर्यंत रोमन, या पानापासून १, आकडे देवनागरी. चित्रांच्या पानांना ‘चित्र’ म्हणा आणि त्यांच्या पुढच्या पानाला छापील आकडा पुन्हा द्या. तसं केलं नाही, तर पुढची मोजणी तितक्या पानांनी सरकते.

पोथीचं गणित वेगळं. तिथे आकडा पानाला नसतो, पत्राला असतो, म्हणजे पाठपोट मिळून एकच. दोन्ही बाजूंना वेगळे आकडे देऊन मोजणी दुप्पट करू नका. पत्र १२ ची पुढची बाजू, पत्र १२ ची मागची बाजू, अशीच नोंद हवी.

छापखान्याची चूक ‘सुधारणं’

१२८ नंतर पुन्हा १२८ छापलेलं असेल, तर तसंच ठेवा. शेवटचं शुद्धिपत्र आणि सूची छापील आकड्यांवरच चालतात. तुम्ही आकडे बदलले, तर शुद्धिपत्रातली ‘पृष्ठ १५३, ओळ ६’ भलत्याच पानावर जाईल.

आकडा मजकुरात ठेवणं

पानाचा क्रमांक आणि वर छापलेलं प्रकरणाचं नाव विकिस्रोतावर पान तपासताना दिसणाऱ्या शीर्षाच्या चौकटीत टाका. मजकुराच्या चौकटीत राहिलं, तर पानं जोडून प्रकरण तयार होताना वाक्याच्या मधोमध आकडा उमटतो. आणि प्रकरण जोडताना ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ मध्ये फाइलचा क्रमांक द्यायचा, छापील नाही. ‘प्रकरण भलतीकडेच सुरू होतंय’ अशी तक्रार आली, तर पहिल्यांदा इथे बघा.

अर्धं काम झाल्यावर फाइल बदलणं

सुटलेली पानं घालून नवी फाइल चढवली, तर पानांची स्कॅन केलेली चित्रं पुढे सरकतात आणि तपासलेला मजकूर जुन्याच क्रमांकावर राहतो. मग ४८च्या चित्राशेजारी ५०चा मजकूर दिसतो. अशा वेळी हाताने एकेक पान दुरुस्त करायला घेऊ नका. कोणत्या पानापासून किती पानं सरकवायची ते विकिस्रोतावरच्या त्या पुस्तकाच्या अनुक्रमणिका-पानाच्या चर्चापानावर लिहा आणि प्रचालकांना (विकिस्रोताची देखरेख करणाऱ्यांना) सांगा, सांगकाम्या (आपोआप काम करणारा प्रोग्रॅम, बॉट) लावून सगळी पानं एकदम हलवता येतात. तोवर त्यापुढच्या पानांवर कोणी काम करू नये, हेही तिथेच लिहून ठेवा.