उद्योजकतेच्या प्राध्यापकांना पाठबळ देताना या चुका टाळा

उद्योजकता विकास कक्षाचे समन्वयन आणि उद्योजकतेचे संशोधन ही दोन वेगळी कामे आहेत, हे पुष्कळ महाविद्यालयांत विसरले जाते. हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाकडेच व्याख्याने, स्पर्धा, छायाचित्रांसह अहवाल आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची कागदपत्रे सोपवली जातात. मग वर्षअखेरीस त्याचा शोधनिबंध का झाला नाही, अशी विचारणाही त्यालाच होते. समन्वयकाचे काम द्यायचे असेल, तर कार्यभारातून तेवढ्या तासिका लेखी आदेशाने कमी कराव्यात. तोंडी सवलत पुढच्या सत्रात टिकत नाही.

दुसरी चूक अधिक खोलवरची आहे. नाशिकमधील अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत विद्यार्थ्यांची एक सहल नेली, की उद्योगांशी संबंध जोडला गेला असे मानले जाते. प्रत्यक्षात लघुउद्योजक आपले आकडे अनोळखी माणसासमोर उघड करीत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. सुट्या भागांचे जॉबवर्क करणाऱ्या कारखानदाराला बिलाचे पैसे वेळेवर मिळतात का, हा साधा प्रश्नसुद्धा त्याच्या दृष्टीने नाजूक असतो. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याने सूक्ष्म व लघू उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन घातले असले, तरी मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, ही भीती त्याला असते. वर्गात शिकवण्याजोगा खरा पेच नेमका हाच आहे. त्यामुळे उद्योजक माहिती देत नसेल, तर प्रश्नावली लांबवू नये. केस स्टडीत, म्हणजे त्याच्या व्यवसायावरील अभ्यासलेखात, नाव बदलण्याची हमी आणि मसुदा आधी त्यालाच दाखवण्याचे आश्वासन संस्थेच्या पत्रावर द्यावे, आणि त्याच प्राध्यापकाला त्या कारखान्यात वारंवार जाता येईल एवढा प्रवासखर्च मंजूर करावा.

वेळापत्रकाचेही भान हवे. दिंडोरी-निफाड पट्ट्यातील द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर छाटणीच्या किंवा काढणीच्या ऐन धांदलीत मुलाखतीसाठी थांबवणे योग्य नाही, मग सत्राचा आराखडा काहीही सांगो.

अध्यापनातील हमखास चूक म्हणजे संपूर्ण सत्र व्यवसाय आराखड्यावर खर्ची घालणे. उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी २००१ मध्ये मांडलेल्या विचारानुसार अनुभवी उद्योजक दूरचे उद्दिष्ट ठरवून साधने गोळा करीत बसत नाही. हाताशी काय आहे, आपण कोणाला ओळखतो आणि किती तोटा सोसू शकतो, येथून तो सुरुवात करतो. येवल्यातील पैठणी विणकराच्या मुलीला हा विचार आराखड्याच्या तक्त्यापेक्षा लवकर उमगेल, असे मला ठामपणे वाटते.

प्राध्यापकाचे मूल्यमापन विद्यार्थ्यांनी काढलेल्या स्टार्टअपच्या संख्येवर करू नये. त्याने लिहिलेल्या स्थानिक केस स्टडी, त्यांचा इतर महाविद्यालयांत झालेला वापर आणि प्रकाशित संशोधन विचारात घ्यावे. केस स्टडीला मूल्यमापनात गुण नसतील, तर ती लिहिण्यासाठी सुट्टीतले आठवडे कोणी देणार नाही. म्हणून गुणांची ही तरतूद सत्र सुरू होण्यापूर्वी करून ठेवावी.