गावातल्या राउटरची माहितीवही कशी लिहावी

कोकणात गावचं नेटवर्क उभं करणारा माणूस बहुतेक वेळा चाकरमानी असतो. सुट्टीत येतो, वाचनालयातल्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटर चालवणारी मोफत, खुली प्रणाली) टाकतो, वायफाय चालू करून देतो आणि मुंबईची गाडी पकडतो. मग जूनमध्ये वारा सुटतो, लाइट येते-जाते, आणि बंद पडलेल्या राउटरसमोर ग्रंथपाल काकू उभ्या असतात. माहिती लिहायची ती त्यांच्यासाठी. ओपनडब्ल्यूआरटीचं विकी उत्तम आहे, पण तुमच्या वाचनालयात कुठली वायर कुठे गेली आहे, हे तिथे सापडणार नाही.

पहिली पायरी : कागद

माहिती गिटवर (फाइली आणि त्यांतले बदल जपणाऱ्या नेटवरच्या साठ्यात) जरूर ठेवा, पण नेट बंद असताना ती उघडणार नाही. म्हणून दोन पानं छापून, लॅमिनेट करून राउटरशेजारी लावा. साधा कागद आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरतो.

पहिल्या पानावर चित्र काढा: फायबरचा डबा, राउटर, मधली वायर, इन्व्हर्टरचा प्लग. वायरींना रंगीत टेप लावा आणि चित्रात तेच रंग वापरा. खाली राउटरचं मॉडेल आणि ओपनडब्ल्यूआरटीची आवृत्ती लिहा. आवृत्ती विसरू नका. २०२१ साली आलेल्या २१.०२ मध्ये नेटवर्कच्या सेटिंगमधलं ‘आयएफनेम’ जाऊन ‘डिव्हाइस’ आलं. आवृत्ती ठाऊक नसेल, तर मदतीला आलेला पोरगा जुन्या लेखातल्या ओळी नव्या राउटरवर चिकटवत बसतो.

दुसरी पायरी : जे दिसतं तिथून सुरुवात

‘डीएनएस तपासा’ असं लिहून काही उपयोग नाही. काकूंना काय दिसतंय ते आधी लिहा, मग काय करायचं ते. असं:

“वायफाय लागतं, पण काही उघडत नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. राउटरचं पान उघडलं, तर राउटर चालू आहे. आता फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा बघा. तो लाल असेल तर फायबर बाहेर कुठेतरी तुटली आहे. माडाची झावळ पडली आहे का ते बघा आणि केबलवाल्याला फोन करा. राउटरला हात लावू नका.”

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. नेट गेलं की कुणीतरी रिसेटचं बटण दाबून धरतं, आणि राउटर कोरा होतो. ओपनडब्ल्यूआरटीत त्यानंतर बहुतेक राउटरवर वायफायही बंदच असतं, म्हणजे फोनवरून काहीच करता येत नाही. काय करायचं नाही, हे ठळक अक्षरांत लिहा.

तिसरी पायरी : ‘का’ची नोंद

सेटिंग काय आहे ते राउटर स्वतः दाखवतो. ते तसं का केलं, हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. ओपनडब्ल्यूआरटी मुळात जोडल्या जाणाऱ्या फोन-लॅपटॉपना १५० पत्ते (नेटवर्कमधले ओळख-क्रमांक) वाटतं आणि प्रत्येक पत्ता १२ तास राखून ठेवतं. एरवी हे भरपूर आहे. गणपतीत मात्र मुंबई-पुण्याची माणसं येतात, फोन घेऊन वाचनालयात डोकावून जातात, आणि निघून गेलेल्या फोनसाठीही पत्ते अडकून राहतात. मग नव्या माणसाला वायफाय लागत नाही. यासाठी मुदत १ तास केलीत, तर वहीत लिहा: तारीख, आधी किती होती, आता किती, कारण गणपतीतली गर्दी. ही ओळ नसेल तर पुढचा माणूस ‘हे काय भलतंच’ म्हणून मुदत पुन्हा १२ तास करील, आणि पुढच्या चतुर्थीला तीच रड.

चौथी पायरी : वाईट दिवसासाठी

सेटिंग बिघडून राउटरमध्ये शिरता येईना, तर आत जायला ओपनडब्ल्यूआरटीला फेलसेफ नावाची सोय आहे. राउटर सुरू होताना दिवा लुकलुकतो, तेवढ्यात बटण दाबायचं. तुमच्या राउटरचं कुठलं बटण, हे स्वतः करून बघून लिहा. फेलसेफमध्ये राउटर पत्ता वाटत नाही. लॅपटॉपला हातानं १९२.१६८.१.२ द्यावा लागतो, आणि नेहमीचं पान उघडत नाही, एसएसएचनंच (लॅपटॉपवरून आज्ञा टाइप करून) आत जावं लागतं. ही दोन वाक्यं नसली की जाणकार माणूसही अडतो.

बॅकअपची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, गिटवर उघडी टाकू नका. तिच्यात वायफायचा पासवर्ड साध्या अक्षरांत असतो. जगाला दाखवायच्या लेखात खऱ्या सार्वजनिक पत्त्याऐवजी २०३.०.११३.० ते २०३.०.११३.२५५ मधले पत्ते वापरा. २०१० सालापासून ते लेखातल्या उदाहरणांसाठीच राखलेले आहेत.

पाचवी पायरी : काकूंची परीक्षा

वही काकूंच्या हातात द्या, फायबरची वायर काढा आणि गप्प बसा. त्या जिथे थांबतील, तिथलं वाक्य बदला. त्यांना समजावून सांगायचा मोह होईल. तो टाळा, कारण तुम्ही जून महिन्यात तिथे नसणार.

एवढं झालं की तुमच्या मॉडेलबद्दल जे नवं कळलं, उदाहरणार्थ फेलसेफचं बटण, ते ओपनडब्ल्यूआरटीच्या विकीवर त्या मॉडेलच्या पानावर घाला. त्यासाठी खातं काढावं लागतं. इंग्रजी साधं, मोडकं असलं तरी बिघडत नाही. फक्त कुठल्या आवृत्तीवर करून पाहिलं, ते लिहा.