वळवाच्या दिवसांत तलावावर गळ कसा टाकावा

मे महिन्यात मराठवाड्यातील तलाव तळाशी गेलेले असतात, काठाच्या गाळपेराच्या जमिनी उघड्या पडतात आणि दुपारनंतर आभाळ भरून वळीव केव्हा कोसळेल याचा नेम नसतो. अशा दिवसांत जागा आणि वेळ वाऱ्यावरून ठरवावी. हिमालयातील थंड तलावांत पाणी २० अंशांच्या वर तापले की ट्राऊट खाणे सोडू लागतो. आपले रोहू, कटला आणि मृगळ उष्णता सोसतात, मात्र प्राणवायूची टंचाई त्यांनाही सोसवत नाही. लिटरभर पाण्यात २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात.

निघण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. पैठणचा नाथसागर तर १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे.

काठावर पोहोचल्यावर लगेच गळ टाकू नये. आधी पाण्याकडे पाहावे. वारा ज्या काठावर लाटा आणून आपटतो, तिथे पाण्यात हवा मिसळते आणि तरंगणारे किडे व शेवाळही तिकडेच लोटले जाते, त्यामुळे मासा त्या बाजूला चरायला येतो. या दिवसांत दुपारचा वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून येत असल्याने पूर्वेचा काठ आधी पाहावा, पण दिशेच्या हिशेबापेक्षा काठाशी साचलेली फेसाची रेघ अधिक खरी समजावी. उघड्या पडलेल्या काळ्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, म्हणून मुरमाड किंवा खडकाळ जागाच निवडावी.

आमिषासाठी भिजवलेली शेंगदाण्याची पेंड कणकेत मळून घेतलेली पुरते. मृगळासाठी गांडूळ बरे. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे फ्लोट आणि गळ यांमधील दोरी त्यानुसार कमी-जास्त करावी. लाटा वाढल्या की शिसे थोडे जड लावावे, नाहीतर दोरीला पोट सुटून मासा लागल्याचे कळत नाही.

वादळापूर्वी हवेचा दाब उतरतो म्हणून मासा भराभर गळाला लागतो, असे अनेक जण सांगतात. मला ते पटत नाही. हवेचा दाब १० मिलिबारने उतरला, तरी मासा पाण्यात केवळ १० सेंटिमीटर वर आल्यावर होणाऱ्या फरकाएवढाच तो बदल असतो. ढगांमुळे मंदावलेला उजेड आणि वाऱ्याने घुसळलेले पाणी, ही कारणे मला अधिक सयुक्तिक वाटतात.

ही चांगली वेळ धोक्याचीही असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे असे समजून गळ आवरावा. कार्बन फायबरची काठी विजेची वाहक असते, ती खाली ठेवून पाण्यापासून दूर जावे; एकट्या झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असावे.

पाऊस थांबल्यावर मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसले, तर परत फिरावे. उथळ तलावात थंड पाणी खाली बसून तळाचे कुजट पाणी वर आलेले असते आणि गुदमरलेला मासा आमिषाला तोंड लावत नाही. दिवसभर ढगाळ राहिल्यावरही शेवाळाकडून प्राणवायू कमी तयार होतो व पहाटे त्याची पातळी सर्वांत खाली जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीची घाई न करता आठ-नऊच्या सुमारास जावे. ओढ्याचे गढूळ पाणी तलावात शिरते तेथे गढूळ आणि नितळ पाण्याची सीमा स्पष्ट दिसते. गळ त्या सीमेच्या नितळ बाजूला टाकावा, कारण वाहून आलेली गांडुळे व किडे टिपण्यासाठी मासे तेथेच थांबलेले असतात. पोट फुगलेली, अंड्यांनी भरलेली मादी लागली, तर हात ओले करून गळ हळूच काढावा आणि तिला पुन्हा पाण्यात सोडावे.